नवा उद्योग कुठे रुजतो : कारखान्यांच्या शेजारात की ऑनलाइन बाजारपेठेत?

धागाकर्ता : बेअरिंग

नमस्कार.

मी आणि माझी सहकारी गेली दोन वर्षे एक छोटे उपकरण विकसित करत आहोत. पंप किंवा मोटारीच्या बेअरिंगजवळ ते बसवले की कंपनांतील बदल टिपून संभाव्य बिघाडाची सूचना आधीच मिळते. आतापर्यंतचे बहुतेक काम आम्ही घरबसल्या केले. सर्किटचा आराखडा संगणकावर तयार केला, पीसीबी (सुटे भाग बसवायचे छापील सर्किटचे फलक) दूरच्या कारखान्यातून कुरियरने मागवले, सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर ठेवले आणि पहिले ग्राहक आम्हाला एका ऑनलाइन बाजारपेठेतून मिळाले.

आता उत्पादन वाढवायचे आहे आणि आमच्यासमोर दोन मार्ग आहेत. साचे करणारे, पीसीबीवर सुटे भाग बसवून देणारे आणि चाचणी प्रयोगशाळा जिथे हाकेच्या अंतरावर आहेत अशा औद्योगिक शहरात बिऱ्हाड हलवणे, हा पहिला मार्ग; त्यात भाडे आणि पगार दोन्ही वाढणार. आहोत तिथेच राहून सगळे ऑनलाइन साधनांच्या आधारे करत राहणे, हा दुसरा.

'परिसंस्था' (एकमेकांवर अवलंबून असणाऱ्या घटकांची व्यवस्था, इकोसिस्टिम) हा शब्द हल्ली उद्योजकतेच्या प्रत्येक चर्चेत येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ मध्ये निसर्गासाठी वापरलेली ही संकल्पना व्यवसायांचे अभ्यासक जेम्स मूर यांनी १९९३ मध्ये व्यवसायांना लावली, एवढे मी वाचले आहे. मात्र प्रत्यक्ष जागेवरची परिसंस्था उद्योजकाला असे नेमके काय देते जे डिजिटल परिसंस्था देऊ शकत नाही, आणि डिजिटल परिसंस्था काय देते जे जागा देऊ शकत नाही, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : टूलरूम

आपल्या प्रश्नातील 'नेमके काय' हे शब्द मला महत्त्वाचे वाटले, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. मी बरीच वर्षे प्लॅस्टिकच्या साच्यांच्या कामात आहे.

एका नव्या कंपनीने आपल्या उपकरणाच्या डबीचे त्रिमितीय मॉडेल आमच्याकडे ईमेलने पाठवले होते. मापे अचूक होती, भिंतींची जाडी योग्य होती. झाकण ज्या क्लिपने अडकते ती क्लिप मात्र दहा-बारा वेळा उघडझाप झाली की मुळापाशी तुटायची. त्यांनी एबीएस हे प्लॅस्टिक बदलून पॉलिकार्बोनेट हे दुसरे प्लॅस्टिक वापरून पाहिले, क्लिपची जाडी वाढवून पाहिली, आणि प्रत्येक बदलानंतर नमुने कुरियरने जात-येत राहिले. त्यात दोन महिने गेले. शेवटी त्यांचा अभियंता तुटलेले तुकडे पिशवीत घालून स्वतः आला. आमच्याकडच्या सर्वांत जुन्या फिटरने एक तुकडा उचलला, क्लिपच्या मुळाशी आतल्या कोपऱ्यावरून नख फिरवले आणि सांगितले, की इथे नख अडकते आहे, म्हणजे कोपरा धारदार आहे, तुटणार नाही तर काय होईल. अर्ध्या मिलिमीटरची गोलाई द्या. साच्याच्या त्या कडेवरचे थोडेसे पोलाद काढायचे होते. ते काम एका दुपारीत झाले आणि त्यानंतरच्या नमुन्यांतील क्लिप तुटली नाही.

धारदार कोपऱ्यात ताण एकवटतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते आणि शोधयंत्रावरही दोन मिनिटांत मिळते. आपल्या समोरचा बिघाड हा त्याच पानावरचा बिघाड आहे, हे ओळखणे मात्र पुस्तकात मिळत नाही. ते ओळखणारा माणूस जवळ असावा लागतो आणि त्याला तुकडा हातात द्यावा लागतो. अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच लिहून ठेवले होते, की एकाच धंद्याची माणसे एका ठिकाणी एकवटली की त्या धंद्याची गुपिते गुपिते राहत नाहीत, ती जणू हवेतच असतात. कुशल मजुरांचा कायमचा बाजार आणि जोडधंद्यांचे पुरवठादार हे दोन फायदेही त्यांनी सांगितले होते. पण मला विचाराल तर त्या हवेतल्या ज्ञानाचा फायदा सर्वांत मोठा आहे, कारण बाकीचे दोन पैसे मोजून दुरूनही मिळवता येतात.

हे ज्ञान फार लांब जात नाही, हेही तपासले गेले आहे. एमआयटीतील टॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांमधील संवादाचा अभ्यास केला तेव्हा दोघांच्या बसण्याच्या जागांतील अंतर वाढत जाईल तसा त्यांच्यातील तांत्रिक संवाद झपाट्याने घटतो आणि साधारण ५० मीटरच्या पुढे तो अगदीच विरळ होतो, असे दिसले. जॅफी, ट्राख्टेनबर्ग आणि हेंडरसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये अमेरिकी पेटंटांतील संदर्भ तपासले तेव्हाही नवे पेटंट आपल्याच परिसरातील जुन्या पेटंटाचा आधार अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळा घेते, असे आढळले.

आपल्या उपकरणाशी सर्वांत जवळचे उदाहरण शेन्झेनचे आहे. १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र घोषित झालेल्या त्या शहरातील हुआचियांगबेई भागात इमारतीच्या इमारती सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या गाळ्यांनी भरलेल्या आहेत. तिथे सकाळी एखादा कपॅसिटर चालला नाही तर दुपारपर्यंत त्याच्या जागी दुसरा लावून पाहता येतो. कुरियरवर अवलंबून असणाऱ्याला हीच एक फेरी करायला आठवडा लागतो. वर्षाकाठी आपण किती वेळा चुकून सुधारू शकतो, यावर हार्डवेअरच्या धंद्यात फार काही ठरते.

प्रतिसाद : सर्व्हरखोली

टूलरूम यांचे म्हणणे मान्य आहे, पण त्यातून डिजिटल बाजू केवळ दुय्यम आहे असा समज होऊ नये, म्हणून लिहीत आहे.

नवी सॉफ्टवेअर कंपनी काढायची तर पूर्वी सर्व्हर विकत घ्यावे लागत, ते ठेवायला जागा भाड्याने घ्यावी लागे, आणि ग्राहक येतील की नाही हे कळण्याआधीच मोठी रक्कम अडकून पडे. ॲमेझॉनने २००६ च्या मार्चमध्ये साठवणुकीची आणि ऑगस्टमध्ये संगणनाची सेवा वापराल तेवढ्या दराने देण्यास सुरुवात केली, आणि हा खर्च भांडवली न राहता महिन्याच्या बिलात आला. त्याआधीच लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली १९९१ पासून विनामूल्य उपलब्ध होती. हार्डवेअरच्या बाजूने पाहिले तर इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये आर्डुइनो हा सहज प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट फलक जन्माला आला आणि इलेक्ट्रॉनिक्सचे औपचारिक शिक्षण न झालेल्या माणसालाही सेन्सर जोडून पाहणे शक्य झाले. प्रयत्न करून पाहण्याची किंमत उतरल्यामुळे, एरवी ज्यांना कोणी दारात उभे केले नसते अशी माणसे उद्योजक होऊ शकली. मी स्वतः त्यांपैकी एक आहे, म्हणून मला ही गोष्ट केवळ खर्चाच्या हिशेबाची वाटत नाही.

मात्र आपला खर्च ज्या कारणाने कमी झाला त्याच कारणाने इतर सर्वांचाही झाला, हे आपण विसरू नये. ॲपलचे ॲप स्टोअर २००८ च्या जुलैमध्ये सुमारे ५०० ॲप्ससह उघडले, तेव्हा तिथे नुसते असणे पुरेसे होते. आज तिथे लाखो ॲप्स आहेत. बनवणे स्वस्त झाले आणि दिसणे महाग झाले. जो पैसा पूर्वी सर्व्हरवर जात असे तो आता जाहिरातींवर जातो.

डिजिटल आणि प्रत्यक्ष असे दोन वेगळे कप्पे करावेत का, याविषयीही मला शंका आहे. केनियातील एम-पेसा २००७ मध्ये सुरू झाले. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ती सेवा डिजिटल म्हणून ओळखली जाते, पण ती चालली ती गावोगावच्या लहान दुकानदारांमुळे. ते एजंट म्हणून रोख रक्कम घेत आणि देत. हातातली नोट फोनमधल्या आकड्यात बदलून देणारा तो माणूस नसता तर त्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. पुढे त्याच पायावर एम-कोपा या कंपनीने २०१२ मध्ये सौर संच हप्त्याने देण्यास सुरुवात केली. ग्राहक रोजच्या रोज फोनवरून लहानशी रक्कम भरतो, ती जमा झाली की संचातील सिमकार्डाद्वारे संच चालू राहतो, आणि हप्ते संपले की तो त्याच्या मालकीचा होतो. रोजचे इतके छोटे हप्ते घरोघर फिरून वसूल करणे कोणालाच परवडले नसते, त्यामुळे एम-पेसाच्या आधी हा धंदा उभा राहणे कठीणच होते. एका परिसंस्थेने दुसऱ्या धंद्याला जन्म दिला तो असा. बेअरिंग, आपल्या उपकरणातही बहुधा हेच आहे. डबी प्रत्यक्ष वस्तू आहे, पण ग्राहक महिन्याला जे पैसे देईल ते त्या डबीतून येणाऱ्या माहितीसाठी देईल.

प्रतिसाद : उंबरठा

वरील दोन्ही प्रतिसाद परिसंस्था काय देते याविषयी आहेत. मला अनेक वर्षांच्या अनुभवानंतर दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे : त्या परिसंस्थेतून बाहेर पडताना आपल्याला बरोबर काय नेता येते?

भौतिकशास्त्रज्ञ विल्यम शॉकली यांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे सेमीकंडक्टरची (इलेक्ट्रॉनिक चिप ज्यापासून बनतात त्या पदार्थांची) प्रयोगशाळा काढली. त्यांच्या कारभाराला कंटाळून १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. त्या आठांपैकी रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये फेअरचाइल्डही सोडली आणि इंटेल काढली. फेअरचाइल्डमधून बाहेर पडलेल्यांनी काढलेल्या कंपन्यांची वंशावळ लिहायला बसले तर ती सिलिकॉन व्हॅलीची वंशावळ होते. हे तिथेच का घडले, याच्या उत्तरात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे नाव येते, लष्करी कंत्राटांचे येते आणि भांडवलाचेही येते, आणि ते सारे खरे आहे. पण मॅसॅच्युसेट्समधील बॉस्टनजवळच्या रूट १२८ या महामार्गाच्या परिसरातही यांपैकी काहीच कमी नव्हते. प्रादेशिक अर्थव्यवस्थांच्या अभ्यासक ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये या दोन प्रदेशांची तुलना मांडली, तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते दोन्हीकडच्या रीतिभातींवर. पूर्वेकडच्या कंपन्या सर्व काही स्वतःच्या भिंतींआड करत आणि माणूस सोडून गेला तर तो परका होई. पश्चिमेकडे नोकरी बदलणे ही रोजची गोष्ट होती आणि काल सोडून गेलेला माणूस उद्याचा पुरवठादार किंवा ग्राहक होई. कायद्याचे प्राध्यापक रोनाल्ड गिल्सन यांनी १९९९ मध्ये त्यात एक कायदेशीर धागा जोडला. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही अशी अट कर्मचाऱ्यावर लादणारे करार कॅलिफोर्नियात १८७२ पासूनच्या कायद्यानुसार ग्राह्य धरले जात नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये ते ग्राह्य धरले जात. टूलरूम यांनी सांगितलेले हवेतले ज्ञान एका कंपनीतून दुसरीत जाते ते माणसाच्या पायांनी, आणि ते पाय बांधले तर शंभर कारखाने शेजारी असूनही उपयोग मर्यादितच राहतो.

आता हाच प्रश्न डिजिटल परिसंस्थेला विचारून पाहावा. मी सहा वर्षे एका ऑनलाइन बाजारपेठेवर मोजमापाची साधने विकत होते. हजारावर ग्राहकांनी अभिप्राय लिहिले होते आणि माझ्या वर्गवारीत माझे दुकान वरच्या पानावर दिसत असे. एका सकाळी खाते गोठवल्याचा संदेश आला. कारण म्हणून नियमावलीतील एका कलमाचा क्रमांक दिला होता, आणि त्या एका कलमात चौदा निरनिराळ्या गोष्टी येत होत्या. मी पाठवलेल्या प्रत्येक उत्तराला तोच ठरावीक मजकूर परत येई. सात आठवड्यांनी खाते पुन्हा सुरू झाले, तेही कोणत्याही स्पष्टीकरणाविना, आणि तोपर्यंत माझे दुकान शोधाच्या खालच्या पानांवर गेले होते. त्या सात आठवड्यांत मला सर्वांत जास्त जाणवले ते हे, की माझ्याकडे माझ्या एकाही ग्राहकाचा पत्ता नव्हता. सहा वर्षांत मी कमावलेले नाव माझे नव्हतेच. ते त्या जागेवर टांगलेले होते आणि ती जागा दुसऱ्याची होती.

कारखान्यांच्या वस्तीतही घरमालक असतो, तोही भाडे वाढवतो. पण तिथून गाळा सोडताना कारागिराचे कौशल्य, पुरवठादारांशी असलेली ओळख आणि ग्राहकाच्या दारापर्यंतचा रस्ता त्याच्याबरोबर जातो. ऑनलाइन मंचावर अभिप्राय, क्रमवारी आणि ग्राहकांची यादी मागेच राहते. म्हणून डिजिटल परिसंस्थेतील उद्योजक एक विशिष्ट वळण घेत जातो, असे माझे निरीक्षण आहे. तो ग्राहकाकडे कमी आणि क्रमवारी ठरवणाऱ्या गणिताकडे अधिक पाहू लागतो. मीही तशीच झाले होते; वस्तूच्या अचूकतेपेक्षा तिच्या छायाचित्राच्या पार्श्वभूमीवर माझा जास्त वेळ जाऊ लागला होता.

कायदा या बाबतीत उशिरा का होईना, हलू लागला आहे. युरोपीय संघाचा १२ जुलै २०२० पासून लागू झालेला नियम सांगतो, की एखाद्या व्यावसायिक विक्रेत्याची सेवा पूर्णपणे बंद करायची असेल तर काही अपवाद वगळता मंचाने किमान ३० दिवस आधी आणि कारणांसह कळवले पाहिजे. त्यानंतर २०२२ मध्ये संमत झालेल्या आणि मार्च २०२४ पासून मोठ्या मंचांना पाळणे बंधनकारक झालेल्या कायद्याने, विक्रेत्याच्या व्यवहारांतून तयार झालेली माहिती त्याला उपलब्ध करून देण्याची जबाबदारीही मंचावर टाकली आहे. भारतातील यूपीआयची रचनाही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत दुकानदाराला एका ॲपवरून दुसऱ्यावर जाता येते आणि ग्राहकाचे ॲप कोणते आहे याने पैसे येणे अडत नाही. रस्ता सामाईक ठेवून त्यावरच्या गाड्यांमध्ये स्पर्धा होऊ दिली, की बाहेर पडण्याचे दार आपोआप उघडे राहते.

प्रतिसाद : सुतळी

थोडक्यात एक भर घालते. ऑनलाइन व्यापारामुळे जागेचे महत्त्व संपेल असे एके काळी सर्वत्र बोलले जात होते, पण चीनच्या ग्रामीण भागात त्याच्या नेमके उलट घडले. तिथल्या जिआंग्सू प्रांतातील शाजी परिसरातील एका गावात साधारण २००६ च्या सुमारास काही तरुणांनी ताओबाओ या चिनी ऑनलाइन बाजारपेठेवर दुकान उघडले आणि सुटे भाग जोडून उभे करायचे साधे लाकडी फर्निचर विकायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी ते पाहिले आणि तेच केले. मग फळ्या कापणारे आले, स्क्रू आणि बिजागऱ्या विकणारे आले, कुरियर कंपन्यांच्या शाखा आल्या, छायाचित्रे काढून देणारे आले. अशा गावांना पुढे 'ताओबाओ गाव' हे नाव मिळाले; २००९ मध्ये अशी तीन गावे मोजली गेली होती आणि २०२० पर्यंत ती संख्या पाच हजारांवर गेली. जे मार्शल यांनी एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये पाहिले होते तेच एका संकेतस्थळाच्या ओढीने नव्याने उभे राहिले. तिथला त्रासही तोच आहे, हेही सांगायला हवे. शेजाऱ्याचा नमुना उचलून दोन पैसे कमी दराने विकणे हे समोरासमोरच्या घरांत सुरू झाले की सगळ्यांचाच नफा आटतो.

धागाकर्ता : बेअरिंग

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठा यांचा अनुभव वाचून मी काल रात्री आमच्या ग्राहकांची नोंदवही उघडून पाहिली. ऑनलाइन बाजारपेठेतून आलेल्या ग्राहकांपैकी फक्त तिघांशी आमचा थेट संपर्क आहे, आणि ते तिघेही तक्रार करण्यासाठी फोन केलेले आहेत. उपकरण बसवल्यावर प्रत्येक ग्राहकाला आमच्याच सर्व्हरवर खाते उघडावे लागते, हे मात्र आमच्या बाजूचे आहे. त्या खात्यावरून यापुढे देखभालीच्या सूचना आणि सुट्या भागांची मागणी आम्ही थेट हाताळू शकतो, आणि त्या वेळी संपर्काचा तपशील त्यांच्या संमतीने घेऊ शकतो. विक्रीसाठी बाजारपेठ राहील, ओळख आमच्याकडे राहील.

स्थलांतराबद्दल अजून निर्णय होत नाही. टूलरूम यांना एक विचारायचे आहे. पूर्ण बिऱ्हाड न हलवता आमच्यापैकी एकाने साचा तयार होईपर्यंतच तिथे राहिले तर ते हवेतले ज्ञान मिळते का, की त्यासाठी वर्षानुवर्षे राहावे लागते?

प्रतिसाद : टूलरूम

सगळे मिळणार नाही, पण आपल्या उपकरणाला आज लागणारे बरेचसे मिळेल, फक्त जाण्याची वेळ नीट निवडावी लागेल. साचा कापला जात असताना येऊन बसण्याचा विशेष उपयोग नसतो, कारण तेव्हा यंत्र चालू असते आणि माणसे आपापल्या कामात असतात. आराखडा पक्का होण्याआधीचा आठवडा आणि पहिले नमुने निघाल्यानंतरचे दोन-तीन आठवडे, हे दोन कालखंड महत्त्वाचे. पहिल्या वेळी आराखडा छापून आणावा, शक्य असेल तर थ्री-डी प्रिंट केलेली डबीही आणावी, आणि ती मालकाच्या टेबलावर नव्हे तर फिटरच्या बाकावर ठेवावी. दुसऱ्या वेळी फसलेले नमुने फेकू नयेत. प्रत्येकावर तारीख आणि साच्याचे तापमान लिहून ते रांगेने मांडून ठेवावेत. येणारा-जाणारा त्यातला एखादा उचलतो आणि बोलू लागतो.

आणि येताना कंपन मोजणारे आपले उपकरण चालू स्थितीत घेऊन या. साचे करणाऱ्या प्रत्येक कार्यशाळेत (टूलरूममध्ये) जुन्या बेअरिंगवर चालणारी दोन-तीन यंत्रे असतातच. ते त्यांवर लावून दाखवा. मी गेली कित्येक वर्षे आमच्या मिलिंग यंत्राच्या स्पिंडलचा (फिरत्या दांड्याचा) आवाज कानाने ऐकून ते कधी उघडायचे हे ठरवत आलो आहे. आपले उपकरण त्याबद्दल काय सांगते, हे मला पाहायचे आहे.